पेसमेकर बसवल्यानंतरचे रोजचे जगणे

रुग्णालयातून घरी परतताना रुग्णाच्या हाती डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि पाकिटात मावेल असे एक छोटे ओळखपत्र दिले जाते. शस्त्रक्रिया बहुधा तास-दीड तासात आटोपलेली असते. संपूर्ण भूल दिलेली नसते, तेवढा भाग बधिर करून काम झालेले असते आणि दोन-तीन दिवसांत घरी जाण्याची परवानगीही मिळते. खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. मिक्सर लावायचा की नाही, मोबाइल कोणत्या खिशात ठेवायचा, डाव्या कुशीवर झोपले तर चालेल का, देवळाच्या दारातील सुरक्षा चौकटीतून जायचे की बाजूने, नातवाला कडेवर घ्यायचे की नाही, असे हे प्रश्न असतात. डॉक्टरांच्या खोलीत ते विचारायला संकोच वाटतो आणि शेजारीपाजारी त्यांची उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने देतात. परिणामी ज्या गोष्टींची भीती बाळगण्याचे कारण नाही त्यांना घाबरून अनेकजण घरात बसून राहतात आणि ज्या मोजक्या गोष्टी खरोखर टाळायला हव्यात त्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

उपकरण नेमके काय करते?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतसंदेश हृदयभर पसरतो आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावते. वयोमानाने वा आजाराने हा पुंजका मंदावला, किंवा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत अडथळा आला, की नाडी मंद होते. चक्कर येते, धाप लागते, कधी माणूस उभ्या उभ्या कोसळतो. अशा वेळी पेसमेकर बसवला जातो. कॉलरबोनच्या खाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली टायटॅनियमची एक चपटी डबी असते. तीत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक मंडल असते. डबीपासून निघालेल्या एक वा दोन तारा शिरेतून हृदयात गेलेल्या असतात. या तारा दोन्ही दिशांनी काम करतात. हृदयाचा स्वतःचा ठोका त्या 'ऐकतात' आणि तो ठरलेल्या वेळेत पडला नाही तरच पुढचा ठोका घडवून आणतात. त्यामुळे 'आता हृदय यंत्रावर चालते' हा समज बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरा नसतो. पुष्कळांचे यंत्र दिवसातला बराच वेळ नुसते लक्ष ठेवून असते.

आयसीडी हे याच कुळातील दुसरे उपकरण. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत जीवघेणी वेगवान, अनियमित धडधड सुरू झाली तर ती ओळखून हे उपकरण आतूनच विजेचा झटका देते आणि ताल पूर्ववत आणते. तिसरा प्रकार अशक्त झालेल्या हृदयासाठी असतो. तो हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे आकुंचन एकाच वेळी घडवतो. आपल्या छातीत यांपैकी कोणते उपकरण आहे हे ठाऊक नसणारे रुग्ण कमी नाहीत. पुढच्या बऱ्याच सूचना त्यावर अवलंबून असल्याने एवढी एक गोष्ट रुग्णाने आणि घरातील किमान दोघांनी पाठ करून ठेवावी.

यांपैकी कोणतेही उपकरण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे दूर करत नाही, रक्तदाब वा मधुमेह बरा करत नाही आणि हृदयविकाराचा झटकाही टाळत नाही. पेसमेकर बसला म्हणून गोळ्या बंद करणे ही शस्त्रक्रियेनंतर होणारी सर्वांत महागडी चूक आहे.

शरीरात पूर्णपणे बसवलेला जगातील पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाला बसवण्यात आला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि उपकरण बनवणारे अभियंते होते रुने एल्मक्विस्ट. ते पहिले यंत्र काही तासच चालले. लार्सन यांना आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले. मात्र ते ८६ वर्षे जगले आणि डिसेंबर २००१ मध्ये कर्करोगाने वारले. तोवर त्यांना वाचवणारे शल्यविशारद आणि अभियंता हे दोघेही निवर्तले होते. आजची यंत्रे तुलनेने फारच टिकाऊ आहेत. पुष्कळ पेसमेकर आठ ते बारा वर्षे चालतात. वारंवार झटके द्यावे लागले तर आयसीडीची बॅटरी लवकर संपू शकते. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला बिनतारेचा पेसमेकर तर मोठ्या कॅप्सूलएवढा असून तो थेट हृदयाच्या कप्प्यातच बसवला जातो. त्यामुळे छातीवर जखम नसते आणि पुढे सांगितलेली हाताबाबतची पथ्येही त्या रुग्णांना लागू होत नाहीत.

पहिले सहा आठवडे

तारेचे टोक हृदयाच्या स्नायूत पक्के रुजायला काही आठवडे जातात. तोवर ते निसटू नये म्हणून ज्या बाजूला यंत्र आहे त्या बाजूचा हात साधारण चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, हाताला हिसका बसू द्यायचा नाही आणि त्या हाताने चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलायचे नाही. हे वाक्य प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असते. शहरी दिनक्रमात मात्र त्याचा अर्थ बराच लांबतो. लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरणे, बसच्या दांडीला लोंबकळणे, माळ्यावरचा डबा काढणे, छताजवळच्या दोरीवर कपडे वाळत घालणे, पाण्याची बादली किंवा भरलेला गॅस सिलिंडर ओढणे, रिक्षात चढताना वरची दांडी पकडून अंग वर ओढून घेणे, अंबाडा घालण्यासाठी दोन्ही हात मानेमागे नेणे, हे सारे त्यात येते. दुचाकीला किक मारणे आणि खड्ड्यांतून हँडल सांभाळत जाणेही या काळात नको.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. घाबरून हात झोळीत बांधून ठेवणाऱ्या रुग्णांचा खांदा आखडतो. मग यंत्र उत्तम चालते आणि हात मात्र महिनोन्महिने दुखत राहतो. कोपर, मनगट, बोटे आणि खांदाही ठरलेल्या मर्यादेत दिवसातून अनेकदा हलवत राहावा. जेवणे, लिहिणे, शर्टाची बटणे लावणे, कणीक मळणे यांना हरकत नसते.

जखम डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आठवडाभर, कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, चंदन, तेल, अंगारा वा घरातले कोणतेही मलम लावू नये. लाली, सूज, गरमपणा, पाणी किंवा पू येणे, थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यंत्राच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या प्रतिजैविकांनी तो सहसा आटोक्यात येत नाही, पुष्कळदा तारांसह सगळे यंत्रच काढावे लागते. शेजारच्या दवाखान्यात सुई घालून त्यातले 'पाणी काढून घेणे' तर अत्यंत धोक्याचे आहे, कारण बाहेरचे जंतू आत जाण्याची तीच वाट ठरते. ही दक्षता केवळ पहिल्या महिन्यापुरती नाही. यंत्रावरची त्वचा काही वर्षांनी पातळ, चकचकीत वा निळसर दिसू लागली तर तेही लगेच दाखवावे.

काहींना त्वचेखालची ती डबी चाचपण्याची, फिरवून पाहण्याची सवय लागते. १९६८ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले. यंत्र आतल्या आत फिरत राहिल्याने तारेला पीळ पडला आणि ती हृदयातून सुटली. चाळा म्हणून केलेल्या या गोष्टीला तेव्हापासून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. स्त्रियांना अंतर्वस्त्राचा पट्टा आणि ब्लाउजची शिवण नेमकी जखमेवर घासण्याचा त्रास होतो. मऊ कापडाची घडी किंवा रुंद पट्टा वापरून तो सुटतो. मोटारीचा सीट बेल्टही टोचतो, पण म्हणून तो लावायचा सोडू नये. मध्ये लहानसा रुमाल ठेवावा.

सतत उचकी लागणे, पोटाचा वा छातीचा स्नायू तालात उडणे, पूर्वीसारखीच चक्कर पुन्हा येणे ही तार हलल्याची चिन्हे असू शकतात. रुग्णाने मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकावे. यंत्राचा किमान वेग किती ठेवला आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. नाडी वारंवार त्याखाली जात असेल तर तपासणी करून घ्यावी. अधूनमधून एखादा ठोका अवेळी पडल्यामुळेही मोजणी कमी भरते. त्यामुळे एकदा कमी आकडा आला म्हणून मध्यरात्री धावपळ करण्याचे कारण नाही. मात्र सोबत भोवळ किंवा धाप असेल तर थांबू नये.

वीज आणि चुंबक

घरातल्या उपकरणांची भीती समजून घ्यायची तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. यंत्र हृदयाचे अगदी सूक्ष्म विद्युतसंदेश ऐकत असते. बाहेरून विजेचा 'गोंगाट' त्याच्या कानी पडला तर पेसमेकरला वाटू शकते की हृदय स्वतःच धडधडत आहे, आणि तो गप्प बसतो. आयसीडी त्याच गोंगाटाला जीवघेणी धडधड समजून विनाकारण झटका देऊ शकते. चुंबकाचा परिणाम वेगळा असतो. या यंत्रांत चुंबक ओळखणारी एक व्यवस्था मुद्दाम ठेवलेली असते. बहुतेक पेसमेकर चुंबक जवळ येताच हृदयाचे ऐकणे सोडून ठरावीक वेगाने ठोके देऊ लागतात. बहुतेक आयसीडी मात्र चुंबक जवळ असेपर्यंत झटका देण्याचे काम थांबवतात. चुंबक दूर झाला की दोन्ही पूर्ववत होतात. घरात यंत्र कायमचे बिघडल्याच्या गोष्टी पसरतात, पण साधारणपणे धोका असतो तो तेवढ्या वेळापुरता.

आता प्रत्यक्ष व्यवहार. दूरदर्शन संच, फ्रिज, पंखा, इस्त्री, धुलाई यंत्र, संगणक, वायफाय, रिमोट यांना काहीही हरकत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनपासून दूर राहा ही सूचना जुन्या काळातल्या यंत्रांसाठी होती. आजच्या यंत्रांना नीट बंद होणाऱ्या मायक्रोवेव्हचा त्रास होत नाही. तरीही ही सूचना घरोघरी जिवंत आहे. मिक्सर, हातातले ड्रिल, केस वाळवण्याचे यंत्र, विजेवर चालणारा रेझर वापरता येतात, फक्त मोटर चालू असताना ती छातीपासून वीतभर लांब असावी. खरे अंतर पाळायचे ते इंडक्शन शेगडीपासून. तिच्यात बलवान बदलते चुंबकीय क्षेत्र असते. म्हणून यंत्र आणि चालू शेगडी यांत साधारण ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ओट्याशी उभे राहून फोडणीत वाकून पाहण्याची सवय असलेल्यांनी गॅसच वापरलेला बरा.

मोबाइलचा बाऊ फार झाला आहे. तो वापरावा, मात्र यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि शर्टाच्या खिशात ठेवू नये. अलीकडच्या काही फोनमध्ये चार्जिंगसाठी बलवान चुंबक असतात. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील डॉक्टरांनी आयफोन १२ आयसीडी असलेल्या रुग्णाच्या छातीवर धरून पाहिला. फोन छातीवर असेपर्यंत उपकरणाचे झटका देण्याचे काम थांबले. त्यानंतर ॲपल कंपनीनेही १५ सेंटिमीटर आणि बिनतारी चार्जिंग सुरू असताना ३० सेंटिमीटर अंतराची सूचना दिली. रात्री फोन पाहता पाहता तो छातीवर ठेवून झोपी जाण्याची सवय आयसीडीच्या रुग्णाने सोडावीच. गळ्यात अडकवलेले हेडफोन, छातीच्या खिशातले चुंबकी बटणाचे पाकीट आणि पदर वा नावाची पट्टी रोखायची चुंबकी पिन यांनाही तोच नियम लागू आहे. सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या चुंबकी गाद्या, पट्टे आणि हार तर घरात आणूच नयेत. अंगातील चरबी मोजणारे, पायांतून सूक्ष्म प्रवाह सोडणारे वजनकाटेही टाळावेत. साध्या काट्यावर तेच वजन दिसते.

ज्याकडे कोणीच लक्ष देत नाही ती गोष्ट म्हणजे अर्थिंग. जुन्या इमारतींत गीझर, धुलाई यंत्र वा पाण्याचा पंप यांतून होणारी विजेची सूक्ष्म गळती निरोगी माणसाला हलकीशी झिणझिणी म्हणून जाणवते किंवा जाणवतही नाही. ओल्या अंगातून गेलेला तेवढा प्रवाह आयसीडीला फसवू शकतो. नळाला हात लावताच झटका बसल्याच्या घटनांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. रुग्ण घरी येण्याआधी वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घेणे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवणे हा खर्च मायक्रोवेव्ह विकून टाकण्यापेक्षा शहाणपणाचा ठरेल.

कामाच्या ठिकाणचे प्रश्न व्यवसायागणिक बदलतात. कार्यालयीन नोकरीत काही अडचण नसते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने चालू इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेवर वाकू नये. आर्क वेल्डिंग, मोठे जनित्र, विद्युत उपकेंद्र, बलवान चुंबकाची यंत्रे यांच्याजवळ काम असेल तर ते डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. कधी यंत्राची मांडणी बदलून, कधी कामाची जागा बदलून मार्ग निघतो. नोकरी जाईल या भीतीने वेल्डिंगचे काम लपवणारा कामगार त्या नोकरीसाठी जीव पणाला लावत असतो. त्याची भीती खोटी नसते, म्हणूनच डॉक्टरांनी आणि मालकाने हा विषय स्वतःहून काढायला हवा.

घराबाहेर

रेल्वे स्थानके, मॉल, चित्रपटगृहे आणि मोठी देवस्थाने येथे धातुशोधक चौकटी आता सर्वत्र असतात. त्यांतून नेहमीच्या चालीने सरळ पुढे जावे, चौकटीत थांबू नये, रांग अडली तर मागेच उभे राहावे आणि खांबाला टेकू नये. एवढे पाळले तर धोका नाही. दुकानांच्या दारातील चोरी रोखणाऱ्या खांबांनाही हेच लागू. हातातले धातुशोधक यंत्र छातीवर रेंगाळू देऊ नये. विमानतळावर ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. विमानप्रवासाला एरवी हरकत नसते.

वाहन चालवण्याबाबत मात्र नियम कडक आहेत आणि ते असायलाही हवेत, कारण चालकाची शुद्ध हरपली तर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव जातो. ब्रिटनमध्ये पेसमेकरनंतर आठवडाभर, तर जीवघेणी धडधड होऊन गेल्यावर आयसीडी बसवली असेल तर सहा महिने खासगी मोटार चालवता येत नाही. आयसीडी असलेल्याला तेथे बस वा मालमोटार कायमचीच सोडावी लागते. भारतात परवान्यासोबतच्या नमुना १ मध्ये अर्जदाराने अचानक शुद्ध हरपणे वा चक्कर येणे यांबाबत स्वतः घोषणा करायची असते. रुग्णाने डॉक्टरांकडून लेखी सल्ला घ्यावा. आयसीडीने झटका दिला तर पुन्हा विचारल्याशिवाय चाकामागे बसू नये.

चालण्याविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुष्कळ पेसमेकरांत शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवणारा संवेदक असतो. माणूस जिने चढू लागला की यंत्रही वेग वाढवते. पण या संवेदकाला हादरे आणि श्रम यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षात नुसते बसून जाणाऱ्या रुग्णाची नाडी त्यामुळे वाढलेली आढळू शकते. याउलट व्यायामाच्या सायकलवर घाम गाळणाऱ्याचे धड स्थिर असल्याने यंत्र मागे पडते आणि त्याला धाप लागते. दोन्ही तक्रारी संगणकावरून मांडणी बदलून दूर करता येतात, त्या सांगायला मात्र हव्यात.

जखम भरल्यावर चालणे, पोहणे, बागकाम आणि बहुतेक योगासने सुरू करता येतात. खांद्यावर भार देणारी आसने आणि जलद सूर्यनमस्कार यांची सुरुवात विचारून करावी. ढोल-ताशा पथकातल्या तरुणाला ढोलाचा पट्टा यंत्राच्या बाजूने घेता येणार नाही. कबड्डी, कराटे, कुस्ती यांसारखे छातीवर आघात होणारे खेळ टाळावेत. पतिपत्नींच्या शारीरिक संबंधांविषयी प्रश्न विचारले जात नाहीत आणि उत्तरेही दिली जात नाहीत. जखम भरल्यानंतर आणि मूळ हृदयविकार आटोक्यात असेल तर त्याला हरकत नसते. आयसीडीने त्या वेळी झटका दिला तरी जोडीदाराला फार तर हलकी झिणझिणी जाणवते, इजा होत नाही.

रुग्णालयातच अधिक सावध

घरातल्या मिक्सरला घाबरणारा रुग्ण फिजिओथेरपीच्या टेबलावर निर्धास्त झोपतो. प्रत्यक्षात मोठे धोके तेथेच असतात. शेक देण्याचे डायथर्मी यंत्र या रुग्णांसाठी वर्ज्य आहे. दुखण्यावर विजेचे पॅड लावण्याची उपकरणे हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया असो, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांना आधी सांगावे, कारण रक्तस्राव थांबवण्याच्या विद्युत चाकूमुळे यंत्र फसू शकते. मूतखडा फोडणारे ध्वनितरंग आणि कर्करोगावरील किरणोपचार यांसाठीही पूर्वतयारी लागते. क्ष-किरण, सोनोग्राफी, ईसीजी, दाताची नेहमीची कामे यांना हरकत नाही.

'पेसमेकर असेल तर एमआरआय कधीच नाही' हा एके काळचा पक्का नियम आज तसा राहिलेला नाही. एमआरआयला चालणारी यंत्रे अमेरिकेत २०११ पासून मिळू लागली. जुन्या प्रकारची यंत्रे असलेल्या रुग्णांवरील 'मॅग्नासेफ' हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छाती वगळून इतर भागांचे १,५०० स्कॅन पूर्वतपासणी आणि देखरेखीसह केले गेले. स्कॅनदरम्यान कोणाचा मृत्यू झाला नाही, तार निकामी झाली नाही. तरीही यंत्र आणि तारा दोन्ही चालणाऱ्या आहेत का, शरीरात जुनी तुटकी तार राहिली आहे का हे पाहूनच निर्णय होतो. स्कॅनपूर्वी यंत्राची मांडणी बदलावी लागते आणि नंतर ती पूर्ववत करावी लागते. हे सारे ज्या ओळखपत्राच्या आधारे ठरते ते पत्र अनेक घरांत कपाटातल्या फाइलमध्ये बंद असते. ते पाकिटात असावे आणि त्याचे छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्ये असावे.

झटका आणि मन

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात फेब्रुवारी १९८० मध्ये पहिली आयसीडी माणसाच्या शरीरात बसवली गेली. पोलंडमध्ये जन्मलेल्या मिशेल मिरोव्स्की यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या अशाच आकस्मिक मृत्यूनंतर या कल्पनेचा ध्यास घेतला होता. हे उपकरण जीव वाचवते. पण शुद्धीत असताना बसलेला झटका म्हणजे छातीवर अचानक लाथ बसल्यासारखा अनुभव असतो आणि तो विसरता येत नाही. ज्या खुर्चीत तो बसला त्या खुर्चीत पुन्हा न बसणारे, न्हाणीघराचे दार उघडे ठेवणारे, एकटे बाहेर न पडणारे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात. हा भित्रेपणा नव्हे. समुपदेशन, गरज पडल्यास औषधे आणि अशाच इतर रुग्णांशी बोलणे यांचा उपयोग होतो. विनाकारण बसणारे झटके मांडणी बदलून पुष्कळ कमीही करता येतात.

घरात एक योजना लिहून ठेवावी. एक झटका बसला आणि त्यानंतर बरे वाटत असेल तर बसून घ्यावे, डॉक्टरांना कळवावे आणि लवकरात लवकर यंत्र तपासून घ्यावे. चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके बसले, अथवा एकाच झटक्यानंतर छातीत दुखणे, धाप, भोवळ सुरू राहिली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर 'आत यंत्र आहे' म्हणून वाट पाहू नये, छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. दाब देणाऱ्याला त्यापासून धोका नाही.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात कोसळला तेव्हा मैदानावरच त्याचे हृदय पुन्हा सुरू करण्यात आले आणि नंतर आयसीडी बसवण्यात आली. इटलीतील नियमांमुळे त्याला तेथील संघ सोडावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड संघात दाखल झाला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोलही केला. हे उदाहरण धीर देते. मात्र त्यामागे तज्ज्ञांचा मोठा ताफा होता, आणि एकाच हृदयासाठी दोन देशांचे नियम वेगळे निघाले हेही विसरू नये.

तपासणी, बॅटरी आणि नंतरचा विषय

यंत्राची तपासणी साधारण सहा ते बारा महिन्यांनी होते. छातीवर एक उपकरण ठेवून वा बिनतारी पद्धतीने यंत्रातील नोंदी वाचल्या जातात. बॅटरी किती उरली, तारा ठीक आहेत का, मधल्या काळात काही धडधड झाली का हे सारे त्यात दिसते. दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे न जाणारे रुग्ण बॅटरी अखेरच्या टप्प्यात आल्यावर उगवतात. बॅटरी एकाएकी बंद पडत नाही, काही महिने आधी सूचना देते. ती वाचायला मात्र तपासणीला जावे लागते. बॅटरी बाहेरून चार्ज होत नाही, पूर्ण डबीच बदलतात, तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. हा खर्च काही वर्षांनी येणारच असतो. त्यामुळे विमा वा शासकीय योजनेत तो बसतो का याची चौकशी आधीच करावी. बदली झाली, शहर सोडून मुलांकडे राहायला गेले, तर तेथील कोणत्या केंद्रात आपल्या कंपनीचे यंत्र तपासले जाते हे विचारून घ्यावे. उपकरणात दोष आढळल्यास तो कळवण्यासाठी भारतात जुलै २०१५ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाच्या देखरेखीखाली स्वतंत्र कार्यक्रम चालतो.

वृद्ध रुग्णांच्या घरात एक प्रश्न कुजबुजत विचारला जातो. यंत्र असल्याने शेवटी जीव अडकून तर राहणार नाही ना? तसे होत नाही. शरीर थकल्यावर हृदयाचा स्नायू पेसमेकरच्या संदेशाला प्रतिसाद देणे सोडतो आणि मृत्यू नैसर्गिकपणे येतो. आयसीडीची गोष्ट वेगळी आहे. असाध्य आजाराच्या अखेरच्या दिवसांत ती झटके देत राहू शकते आणि ते रुग्णाला व जवळ बसलेल्यांना असह्य होते. झटका देण्याचे काम शस्त्रक्रियेविना, बाहेरून बंद करता येते. त्याने लगेच मृत्यू येत नाही, पेसमेकरचे काम चालूच राहते. हा निर्णय रुग्ण स्वतः बोलू शकतो तेव्हाच, डॉक्टर आणि कुटुंबीय यांच्यासमोर झालेला बरा.

अंत्यसंस्कारापूर्वी यंत्र काढणे आवश्यक असते. बंद धातूच्या डबीतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुटते. १९७६ मध्ये इंग्लंडमधील सॉलिहल येथील दाहगृहात असा स्फोट झाल्याची नोंद आहे. विद्युत वा गॅसदाहिनी असो की लाकडाची चिता, जवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते. मृत्यू घरी झाला तर दाखला देणाऱ्या डॉक्टरांना यंत्र असल्याचे सांगावे. लहानसा छेद घेऊन ते काही मिनिटांत निघते. आयसीडी मात्र आधी बंद केल्याशिवाय कोणी तिची तार कापू नये, कापणाऱ्याला झटका बसू शकतो.

काढलेल्या यंत्रांचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. नवे यंत्र परवडत नाही म्हणून उपचार थांबलेल्या रुग्णांना, दुसऱ्याच्या शरीरातून काढून तपासलेली आणि पुन्हा निर्जंतुक केलेली उपकरणे बसवण्याचा प्रयोग वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात झाला. अशा ८१ रुग्णांना बसवलेल्या १०६ आयसीडींचा अभ्यास २०१२ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात आला. त्यात जंतुसंसर्ग आढळला नव्हता. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या कॅनडातील डॉक्टरांच्या अभ्यासात पुन्हा वापरलेली उपकरणे बसवलेल्या १,०५१ रुग्णांत दोन वर्षांतील संसर्गाचे प्रमाण २ टक्के, तर नवी उपकरणे बसवलेल्यांत १.२ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. कंपन्या ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात. त्यामुळे त्यांच्या पुनर्वापराला आजही सर्वत्र मान्यता नाही. काढलेले यंत्र परत मागून घ्यावे, नष्ट करण्यास सांगावे की रुग्णालयाच्या स्वाधीन करावे, हे कुटुंबाने संमतिपत्रावर सही करतानाच विचारून घ्यावे.